शिधा आणि शिदोरी : पायी मोहिमांच्या अन्नव्यवस्थेचा इतिहास (१८१४ ते १९५३)

प्रस्तावना

प्रवासातील अन्नासाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत आणि त्या दोहोंतील भेद विचारात घेण्यासारखा आहे. शिधा म्हणजे मोजून दिलेले, न शिजवलेले जिन्नस; शिदोरी म्हणजे वाटेत कोठेही बसून सोडता येईल असे तयार अन्न. शिध्याला चूल, सरपण, पाणी, भांडे आणि वेळ लागतो. शिदोरीला यांपैकी काहीच लागत नाही; मात्र ती टिकावी लागते आणि तिचे वजन पेलावे लागते. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेली दशमी प्रवासासाठी निवडली जाते, ती केवळ चवीमुळे नव्हे. पाण्यात भिजवलेल्या पोळीपेक्षा ती अधिक टिकते, हा घरोघरच्या अनुभवाचा भाग आहे. अन्न टिकविणे, हलके करणे आणि चुलीवाचून खाण्याजोगे करणे ही तीन कामे शिदोरी बांधणाऱ्या हातांनी सर्वत्र आपापल्या परीने साधली आहेत.

सैन्याच्या रसदेचा इतिहास मराठी वाचकास परिचित आहे. दख्खनमधील सैन्यांना बैलांच्या पाठीवरून धान्य पुरविणारे बंजाऱ्यांचे तांडे, वाटेवरील बाजारपेठा, लुटून वा विकत मिळणारा चारा यांच्या आधारे मोठमोठ्या फौजा चालत. परंतु जेथे बैल जात नाही, बाजार नाही आणि शेतही नाही, अशा प्रदेशात पायी जाणाऱ्या माणसाला सर्व अन्न स्वतःच्या वा सोबत्याच्या पाठीवर, किंवा स्वतः ओढावयाच्या स्लेजवर न्यावे लागते. अशा मोहिमांच्या अन्नव्यवस्थेचा विचार इतिहासलेखनात सहसा साहसकथेच्या तळटिपेपुरता होतो. वस्तुतः मोहीम पार पडणार की नाही, आणि तीतील माणसे परत येणार की नाही, हे पुष्कळदा निघण्यापूर्वीच, पिशव्या भरताना ठरलेले असते.

या व्यवस्थेचे मूळ गणित सोपे आणि कठोर आहे. एक भारवाहक सत्तावीस किलो ओझे नेतो आणि दिवसाला एक किलो कोरडे अन्न खातो असे धरल्यास, त्याच्या पाठीवर अन्नाखेरीज काहीही नसताना तो सत्तावीस दिवस चालू शकेल. परतीचा प्रवास धरला तर तेरा दिवसांच्या वाटेपलीकडे त्याला जाता येणार नाही, आणि तेथे पोहोचून त्याने दुसऱ्या कोणासाठी काहीही नेलेले नसेल. माणसे वाढविली की ओझी वाढतात, पण खाणारी तोंडेही तितकीच वाढतात. यातून बाहेर पडण्याचे मार्ग दोनच : वाटेत आधी साठे करून ठेवणे, आणि अन्नच असे निवडणे की कमीत कमी वजनात अधिकाधिक उष्मांक मिळावेत. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा मार्ग होय. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेपर्यंत या मार्गावर युरोपीय मोहिमांनी पुष्कळ प्रगती केली. तथापि ही प्रगती सरळ रेषेत झाली नाही. ज्यांच्याकडून तयार शिदोरी घेतली, त्यांच्याकडून ती केव्हा, कशासोबत आणि कोणत्या प्रदेशात खावयाची हे ज्ञान मात्र घेतले गेले नाही. ते एकेक करून, जीव गमावून, पुन्हा शोधावे लागले.

पेमिकन : गवताळ प्रदेशाची शिदोरी

उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील क्री लोकांच्या भाषेत ‘पिमी’ म्हणजे चरबी. त्यावरून आलेला ‘पेमिकन’ हा शब्द पुढे सर्व युरोपीय भाषांत गेला. बायसनचे मांस पातळ पट्ट्यांत कापून उन्हात वा मंद विस्तवावर वाळवावयाचे, ते दगडाने कुटून भुगा करावयाचा आणि त्यात जवळजवळ तितक्याच वजनाची वितळविलेली चरबी ओतावयाची. कधी त्यात रानबोरेही वाळवून घालावयाची, आणि हे सारे बायसनच्याच कातड्याच्या पिशवीत गच्च भरून शिवून टाकावयाचे, अशी ही कृती. कापणे, वाळविणे, कुटणे, ओतणे हे काम मुख्यतः स्त्रिया करीत. तयार पिशवी सुमारे नव्वद पौंडांची, म्हणजे एक्केचाळीस किलोंच्या आसपास असे, आणि चांगले बांधलेले पेमिकन वर्षानुवर्षे टिके. शिजवलेल्या भाताच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे एकशे तीस उष्मांक असतात. पेमिकनच्या तितक्याच वजनात ते सहाशेच्या आसपास भरतात. चुलीची गरज नाही. चालताना तुकडा मोडून खाता येतो. शिदोरीची याहून चोख व्याख्या करणे कठीण.

फरच्या व्यापाराने या अन्नाचे रूपांतर व्यापारी मालात केले. नॉर्थ वेस्ट कंपनीच्या नावाड्यांच्या तुकड्या हजारो किलोमीटरची जलमार्गाची वाट थोड्या आठवड्यांच्या उन्हाळ्यात पार करीत. शिकारीसाठी थांबावयास त्यांना सवड नव्हती. त्यांच्या होड्या पेमिकनवर चालत होत्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. हे पेमिकन पुरवीत ते प्रामुख्याने मेती, म्हणजे युरोपीय पुरुष व आदिवासी स्त्रिया यांच्या संबंधांतून उदयास आलेला समाज. ८ जानेवारी १८१४ रोजी रेड रिव्हर वसाहतीचा गव्हर्नर माइल्स मॅकडोनेल याने एक जाहीरनामा काढून त्या प्रदेशातून पेमिकन बाहेर नेण्यास बंदी केली. नव्या वसाहतीतील उपाशी कुटुंबांसाठी अन्न राखून ठेवणे हा त्याचा जाहीर हेतू होता. परंतु नॉर्थ वेस्ट कंपनी आणि मेती यांना ही बंदी आपल्या गळ्यावरचा हात वाटली. वाद चिघळत गेला आणि १९ जून १८१६ रोजी सेव्हन ओक्स येथे झालेल्या चकमकीत वसाहतीचे वीसहून अधिक लोक मारले गेले. १८२१मध्ये नॉर्थ वेस्ट कंपनी हडसन बे कंपनीत विलीन झाली, त्यामागे या संघर्षाचाही वाटा होता. मांस आणि चरबीच्या एका पिशवीसाठी माणसे मारली गेली हे वरवर विचित्र वाटेल. पण त्या प्रदेशात प्रवास करण्याची शक्ती ज्या वस्तूत साठविलेली होती तीवरचे नियंत्रण म्हणजे प्रदेशावरचेच नियंत्रण होते.

ब्रिटिश नौदलाने पेमिकन उचलले ते याच काळानंतर. १८४५मध्ये सर जॉन फ्रँकलिन १२८ सहकाऱ्यांसह आर्क्टिकमध्ये गेला आणि कोणीच परत आले नाही. त्याच्या शोधासाठी निघालेल्या सर जॉन रिचर्डसनने इंग्लंडमध्ये नौदलाच्या आवारातच गोमांसाचे पेमिकन बनवून घेतले. येथे एक महत्त्वाचा बदल घडला. गवताळ प्रदेशातील प्रवासी पेमिकनसोबत ताजी शिकार, मासे, मुळे, फळे जे मिळेल ते खात असे. पेमिकन हा आधार होता, सर्वस्व नव्हे. नौदलाच्या हिशेबात ते दर माणशी दर दिवशी इतके औंस असा शिधा झाले. शिदोरीचा शिधा झाला, आणि शिध्याच्या तक्त्यात जे लिहिलेले नव्हते ते वगळले गेले.

हडसन बे कंपनीचा जॉन रे हा ऑर्कनीतील डॉक्टर याला अपवाद होता. त्याने क्री व इन्यूइट लोकांकडून प्रवासाची रीत शिकून १८४६-४७चा हिवाळा रिपल्स बे येथे प्रामुख्याने शिकारीवर काढला. फ्रँकलिनच्या माणसांचा शेवट कसा झाला याची पहिली खबर १८५४मध्ये त्यानेच आणली. ती त्याला इन्यूइट लोकांनी दिलेली होती. लंडनमध्ये त्याच्या बातमीचे, आणि ती देणाऱ्यांचेही, स्वागत झाले नाही.

जे तक्त्यात नव्हते

स्कर्व्हीचा प्रश्न याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. जेम्स लिंडने १७४७मध्ये ‘सॅलिसबरी’ जहाजावर केलेल्या प्रयोगात संत्री व लिंबे यांनी रोगी बरे झाले होते. १७९५पासून ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सक्तीचा केला आणि रोग जवळजवळ नाहीसा झाला. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूमध्य प्रदेशातील मोठ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधील छोटी हिरवी लिंबे वापरात आली. आंबट दोन्ही; गुण मात्र सारखा नव्हता, आणि आंबटपणा हेच औषध अशी समजूत असल्याने तो फरक कोणाच्या लक्षात आला नाही. जॉर्ज नेअर्सच्या १८७५-७६च्या आर्क्टिक मोहिमेत स्लेज ओढणाऱ्या तुकड्या स्कर्व्हीने कोसळल्या. अल्बर्ट मार्कहॅमची तुकडी ८३ अंश २० मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचली खरी, पण परतीच्या वाटेवर तीतील बहुतेक माणसे चालण्याच्या स्थितीत नव्हती. स्लेजवर लिंबाचा रस नेला नव्हता, असा ठपका चौकशी समितीने १८७७मध्ये ठेवला. नेला असता तरी त्या रसाने कितपत काम केले असते, हा प्रश्न आज विचारावा लागतो.

त्यानंतरची तीस वर्षे वैद्यकशास्त्र उलट दिशेने गेले. डबाबंद मांस किंचित नासले की त्यात विष तयार होते व त्यामुळे स्कर्व्ही होते, असे मत प्रबळ झाले. १९०१ ते १९०४च्या ‘डिस्कव्हरी’ मोहिमेत डॉक्टर डबे उघडून वास घेऊन तपासत असत. त्याच मोहिमेत स्कॉट, विल्सन आणि शॅकलटन या तिघांना दक्षिणेच्या वाटेवर स्कर्व्हीची लक्षणे दिसली. नॉर्वेतील होल्स्ट व फ्रोलिख यांनी १९०७मध्ये गिनीपिगांना केवळ धान्यावर ठेवून स्कर्व्ही उत्पन्न करून दाखविली. परंतु ‘जीवनसत्त्व’ ही कल्पना रुजण्यास आणखी काही वर्षे आणि ‘क’ जीवनसत्त्व प्रत्यक्ष वेगळे होण्यास १९३०च्या आसपासचा काळ यावा लागला.

चरबीची गोष्ट याहून साधी आणि म्हणूनच अधिक बोधप्रद आहे. फ्रिट्यॉफ नान्सेन १८८८मध्ये पाच साथीदारांसह ग्रीनलंड पार करावयास निघाला तेव्हा त्याने कोपनहेगनमधून पेमिकन मागविले होते. वाटेवर लक्षात आले की बनविणाऱ्याने मांसातील चरबी काळजीपूर्वक काढून टाकली होती. माल दिसावयास स्वच्छ होता. पण ‘पिमी’ नसलेले ते पेमिकनच नव्हते. सहाही जण पोटभर खाऊनही सतत भुकेले राहिले, आणि ती भूक केवळ चरबीची होती. आठवड्याचे वाटून दिलेले लोणी पाहता पाहता संपे. नान्सेनसारख्या दक्ष माणसाने निघण्यापूर्वी डबा फोडून पाहिला नाही, ही चूक त्याच्या मनास लागून राहिली. पुढे त्याने बर्फ वितळविता वितळविताच अन्न शिजेल आणि स्टोव्हची बहुतेक उष्णता कामी येईल असे जोडभांडे सिद्ध केले. त्याच्याखाली असे तो प्रायमस स्टोव्ह. मराठी स्वयंपाकघरांत कित्येक दशके फुरफुरत राहिला तोच. बर्फातील प्रवासात पाणीसुद्धा शिजवावे लागते. शून्य अंशाचा बर्फ केवळ वितळविण्यास जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेत तेच पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापले असते. म्हणून ध्रुवीय मोहिमेत रॉकेलची गणना अन्नातच करावी लागते.

दक्षिण ध्रुव : १९११-१२

अमेरिकेत ॲटवॉटरच्या प्रयोगांनी १८९०च्या दशकात अन्नातील उष्मांक मोजण्याची रीत प्रस्थापित केली होती. तिच्यासोबत आलेल्या मोजून पाहण्याच्या वृत्तीचा लाभ रॉबर्ट स्कॉटच्या दुसऱ्या मोहिमेला झाला. त्या मोहिमेवर अशास्त्रीयतेचा आरोप सहजपणे केला जातो. तो या बाबतीत अन्यायाचा आहे. २७ जून ते १ ऑगस्ट १९११ या अंटार्क्टिक हिवाळ्याच्या काळोखात विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे केप क्रोझियरला गेले. उद्देश पेंग्विनची अंडी आणण्याचा होता, पण सोबत त्यांनी आहाराचाही प्रयोग केला. एकाने जादा पेमिकन, दुसऱ्याने जादा बिस्किटे आणि तिसऱ्याने जादा लोणी घेतले, आणि कोणाचे कसे निभते याची नोंद ठेवली. पारा उणे साठ अंशांपर्यंत उतरत असताना हा प्रयोग झाला. त्यावरून ध्रुवाच्या पठारासाठी दर दिवशी दर माणशी शिधा ठरला : बिस्किटे सोळा औंस, पेमिकन बारा, साखर तीन, लोणी दोन, शिवाय थोडा चहा व कोको. एकंदर सुमारे ९७६ ग्रॅम. उष्मांक साडेचार हजारांच्या आसपास.

सामान्य कष्टकऱ्याच्या दृष्टीने हा आहार भरपूर होता. स्लेज ओढणाऱ्याच्या दृष्टीने नव्हता. १९९२-९३मध्ये रॅनल्फ फाइन्स व माइक स्ट्राउड यांनी स्वतः स्लेज ओढत अंटार्क्टिका पार केली तेव्हा शरीराचा खर्च प्रत्यक्ष मोजण्यात आला. तो दिवसाला सात हजार उष्मांकांहून अधिक निघाला आणि दोघांचीही वजने वीस किलोंहून अधिक घटली. या आकड्यांच्या प्रकाशात पाहिले तर स्कॉटची माणसे दर दिवशी सुमारे अडीच हजार उष्मांकांची तूट सोसत होती. ही तूट शरीर भरून काढते ते स्वतःला जाळून. पाच आठवड्यांच्या प्रयोगात हे दिसणे शक्य नव्हते, आणि स्कर्व्हीही दिसणे शक्य नव्हते, कारण तिला प्रकट होण्यास महिने लागतात. प्रयोग प्रामाणिक होता; त्याची मुदत मात्र प्रत्यक्ष प्रवासाच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी होती.

त्यात बांधणीची अडचण भर घालणारी ठरली. शिधा चौघांच्या गटासाठी आठवड्याच्या हिशेबाने पिशव्यांत भरलेला होता. जानेवारी १९१२च्या आरंभी स्कॉटने पठारावर बॉवर्सला पाचवा म्हणून सोबत घेतले. वाटे नव्याने करावे लागले. तंबू चौघांचा, भांडे चौघांचे. पाचांचा स्वयंपाक दिवसाकाठी अर्धा तास तरी अधिक घेतो, हे स्कॉटने दैनंदिनीत टिपून ठेवले. अर्धा तास म्हणजे तितके रॉकेल. परतीच्या वाटेवरील साठ्यांत तर रॉकेल अपेक्षेहून कमी भरले, कारण डब्यांच्या बुचांखालील चामड्याच्या चकत्या थंडीने निकामी होऊन तेल उडून गेले होते.

या मोहिमेच्या अखेरच्या मदत-तुकडीचा अनुभव कमी सांगितला जातो. लेफ्टनंट एडवर्ड इव्हान्स हा लॅशली व क्रीन यांच्यासह परतताना स्कर्व्हीने कोसळला. दोघांनी त्याला स्लेजवर घालून ओढले. ओढणे अशक्य झाले तेव्हा १८ फेब्रुवारी १९१२ रोजी टॉम क्रीन तीन बिस्किटे आणि चॉकलेटच्या दोन कांड्या एवढ्या शिदोरीवर सुमारे छप्पन किलोमीटर एकटा चालत गेला आणि मदत घेऊन आला. इव्हान्स वाचला. ध्रुवावरून परतणाऱ्या पाचांपैकी कोणी वाचले नाही. स्कॉटची अखेरची नोंद २९ मार्च १९१२ची आहे; त्याच्या तंबूपासून अन्नाचा मोठा साठा सुमारे वीस किलोमीटरवर होता.

रोआल्ड आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोहोचून, नव्व्याण्णव दिवसांच्या प्रवासानंतर सुखरूप परतला होता. त्याच्या यशाचे श्रेय सहसा कुत्र्यांना व स्कीला दिले जाते. अन्नाच्या बाजूने पाहता त्याची शिकवण आधीच झालेली होती. १८९७ ते १८९९मध्ये बर्फात अडकलेल्या ‘बेल्जिका’ जहाजावर डॉक्टर फ्रेडरिक कुक याने सील व पेंग्विनचे ताजे मांस खाऊ घालून खलाशांची स्कर्व्ही हटविलेली त्याने पाहिली होती. १९०३ ते १९०५ या काळात नेटसिलिक इन्यूइट लोकांशेजारी राहून त्यांची राहणी शिकली होती. त्यामुळे ध्रुवाकडे निघण्यापूर्वीच्या हिवाळ्यात त्याची माणसे सीलचे मांस नियमाने खात होती. त्याच्या पेमिकनमध्ये वाटाणे व ओटचे पीठ होते. स्लेजवरील खोक्यांना चहाच्या डब्यासारखी गोल झाकणे बसविली होती, म्हणजे दोर न सोडता अन्न काढता येई; रॉकेलचे डबे डाख देऊन बंद केलेले होते; साठ्यांच्या दोन्ही बाजूंस निशाणांच्या लांब ओळी रोवल्या होत्या, म्हणजे धुक्यात वाट चुकली तरी साठा चुकू नये. आणि बावन्न कुत्र्यांपैकी अकराच परत आली. उरलेली ठरवून मारली गेली व कुत्र्यांच्या आणि माणसांच्याही पोटी गेली. हा हिशेब वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो यावा हेच योग्य. परंतु त्या ताज्या मांसाने वजन वाढले नाही आणि स्कर्व्हीही झाली नाही, ही वस्तुस्थिती उरतेच.

हिमालय : जेथे पाणी उकळते पण डाळ शिजत नाही

ध्रुवीय शिधा हिमालयात नेला गेला तेव्हा त्याच्यापुढे वेगळेच प्रश्न उभे राहिले. उंची वाढते तसा पाण्याचा उत्कलनबिंदू उतरतो. पाच हजार मीटरवर पाणी सुमारे त्र्याऐंशी अंशांवरच उकळते. भात कच्चा राहतो, डाळ शिजता शिजत नाही, आणि इंधन मात्र संपत जाते. तिबेट व शेर्पा प्रदेशातील लोकांनी या प्रश्नाचे उत्तर शतकानुशतके आपल्या पिशवीत बाळगले होते. जव आधी भाजून मग दळावयाचे, म्हणजे धान्य घरीच शिजून निघते. वाटेत ते पीठ चहात वा पाण्यात कालविले की झाले. हा त्सांपा म्हणजे महाराष्ट्रातील सातूच्या पिठाचाच सगोत्र होय. सोबत लोणी व मीठ घातलेला चहा दिवसभर पीत राहण्याची रीत; तीत चरबी, क्षार आणि द्रव तिन्ही साधतात.

१९२०च्या दशकातील ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमांनी या पिशवीकडे पाहिले नाही असे नव्हे. पण ती भारवाहकांची मानली गेली. साहेबांच्या खोक्यांत हंसाच्या यकृताच्या पेस्टमध्ये घोळलेले लाव्याचे डबाबंद मांस व शॅम्पेन होती. या थाटाविरुद्ध एरिक शिप्टन आणि बिल टिलमन यांनी बंड केले. १९३४मध्ये ते दोघे अंग थार्के, पासांग व कुसांग या तीन शेर्पांसह ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या खोऱ्यात शिरले. पीठ, तांदूळ, तूप, त्सांपा आणि थोडे पेमिकन, माणशी दिवसाला सुमारे दोन पौंड, यापलीकडे त्यांच्यापाशी फारसे काही नव्हते. साहेब आणि शेर्पा एकाच भांड्यातले खात. त्याच मोसमात बद्रीनाथहून केदारनाथच्या बाजूस डोंगर ओलांडून उतरताना अन्न संपले तेव्हा सर्व जण बांबूचे कोंब आणि झाडांवरील अळंबी खाऊन जगले. काय खावे आणि काय नाही हे शेर्पा सोबत्यांना ठाऊक होते. त्या कोंबांवर अस्वलांचाही डोळा होता आणि बहुधा अस्वले आधी पोहोचत.

टिलमनची काटकसर सर्वत्र लागू पडली असे म्हणता येत नाही. १९३८च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेतृत्व त्याच्याकडे आले तेव्हा आहार इतका साधा ठेवण्यात आला की ओडेलसारख्या अनुभवी सदस्याने उघड तक्रार केली. सात हजार मीटरच्या वर भूकच मंदावते. ध्रुवावर ज्या चरबीसाठी माणसे तळमळत, तीच येथे घशाखाली उतरत नाही. क्री लोकांचे पेमिकन गवताळ प्रदेशात आणि होडीत निर्दोष होते. एव्हरेस्टच्या खांद्यावर ते निरुपयोगी ठरले. दुसऱ्या महायुद्धात तर कॅनडाच्या सैनिकांना हिवाळ्यात निव्वळ पेमिकनवर ठेवण्याचा प्रयोग झाला आणि थोड्याच दिवसांत तुकडी लढण्याजोगी उरली नाही. त्याचा अहवाल १९४५मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक ज्ञानाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे उदाहरण नजरेआड करू नये. एका प्रदेशाची शिदोरी दुसऱ्या प्रदेशात नेली की ती पुन्हा एक शिधाच होते.

या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला तो ग्रिफिथ प्यू या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने. १९५२च्या चो ओयू मोहिमेत त्याने गिर्यारोहकांचे खाणे-पिणे, श्वसन व थकवा यांची निरीक्षणे केली आणि त्याच्या लक्षात आले की माणसे उपाशी असण्याआधी तहानलेली आहेत. कोरड्या थंड हवेत जोरजोराने श्वास घेताना शरीरातील पाणी निघून जाते, आणि ते भरून काढावयाचे तर बर्फ वितळवावा लागतो. त्याच वर्षी मे महिन्यात स्विस मोहिमेचे रेमों लँबेर व तेनझिंग नोर्गे यांनी सुमारे ८,४०० मीटरवर एक रात्र काढली. त्यांच्यापाशी झोपण्याच्या पिशव्या नव्हत्या आणि स्टोव्हही नव्हता. मेणबत्तीवर बर्फ धरून त्यांनी घोट-दोन घोट पाणी मिळविले. २८ मे १९५२ रोजी दोघे सुमारे ८,६०० मीटरपर्यंत चढले आणि तेथून परतले.

प्यूच्या सल्ल्याने १९५३च्या मोहिमेची आखणी बदलली. दररोज माणशी तीन लिटर द्रव पोटात गेलेच पाहिजे, आणि त्यासाठी लागणारे स्टोव्ह व इंधन वरच्या तळांपर्यंत नेलेच पाहिजे, असे ठरले. वरच्या तळांसाठीच्या शिध्यात साखरेचे प्रमाण भरपूर ठेवले गेले. अखेरच्या टप्प्यासाठी तर प्रत्येकाला आधीच विचारण्यात आले की वर गेल्यावर काय खावेसे वाटेल. न खाल्ल्या जाणाऱ्या अन्नाचे उष्मांक शून्य असतात, हे प्यूने ओळखले होते. रुची ही चैन नसून शिध्याचा घटक आहे, हे तक्त्यात उतरण्यास इतकी वर्षे लागली. हे सारे सामान सुमारे साडेतीनशे भारवाहकांच्या पाठीवरून डोंगरापर्यंत गेले, आणि तेथून पुढे शेर्पांच्या.

२८ मे १९५३च्या संध्याकाळी, स्विसांच्या मेणबत्तीच्या रात्रीनंतर एक वर्ष आणि एका दिवसाने, तेनझिंग पुन्हा जवळपास त्याच उंचीवरील तंबूत होता, या वेळी एडमंड हिलरीसोबत. स्टोव्ह चालू होता. दोघांनी सूप, बिस्किटांवर सार्डिन मासे, खजूर आणि डब्यातील जर्दाळू खाल्ले, आणि भरपूर साखर घातलेला लिंबाचा गरम रस पुन्हा पुन्हा प्याले. दुसऱ्या दिवशी पहाटे निघण्यापूर्वीही त्यांनी बर्फ वितळवून तोच रस पोटभर घेतला. साडेअकराच्या सुमारास ते शिखरावर पोहोचले. तेथे तेनझिंगने बर्फात एक लहानसा खळगा केला आणि आपल्या पाठीवरून इतक्या उंचीपर्यंत आणलेल्या शिदोरीतील चॉकलेट, बिस्किटे आणि मूठभर गोळ्या देवतांसाठी त्यात ठेवल्या.